वस्तूंना लागलेले हात

बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातील एखाद्या जुन्या मराठी घराचा देव्हारा पाहिला, तर त्यात चांदीचे चार-सहा टाक हमखास सापडतात. कुणाकडे जोतिबा आणि खंडोबा, कुणाकडे सौंदत्तीची यल्लम्मा किंवा चिंचलीची मायाक्का, आणि त्यांच्या कडेला घरातले कुणी पूर्वज. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेल्या या बोटभर प्रतिमा सणावारी राखेने किंवा रांगोळीने घासल्या जातात. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो, आणि तो घासून काढताना दर वेळी धातूचाही अगदी सूक्ष्म अंश निघून जातो. दोन-तीन पिढ्यांच्या घासण्यानंतर देवाचे नाक-डोळे सपाट होतात, पूर्वजाच्या हातातली तलवार आहे की काठी हे ओळखू येत नाही. तरीही तेवढ्याच वजनाचा, अधिक रेखीव टाक सराफाने सहज बदलून देऊ केला, तर बहुतेक घरांतून नकारच येईल.

या नकाराला कुणी अंधश्रद्धा म्हणेल, कुणी भावुकपणा म्हणेल. मानसशास्त्रज्ञांनी मात्र गेल्या चार-पाच दशकांत त्याकडे एक प्रश्न म्हणून पाहिले आहे. दोन वस्तू दिसायला, वजनाला आणि उपयोगाला सारख्या असताना मन त्यांतील एकीला अमोल आणि दुसरीला बाजारभावाची का ठरवते? या प्रश्नाची जी उत्तरे हाती आली आहेत, त्यांचा रोख एकाच दिशेने दिसतो. मन वस्तूचे गुणधर्म पाहते हे खरे, पण त्याहून अधिक बारकाईने ते तिचा इतिहास पाहते: ती कुणाच्या हातून आली, कुणाच्या अंगाला लागली, कोणत्या प्रसंगी घरात शिरली.

सुरुवात मात्र इतिहासापासून झाली नव्हती. ती साध्या मालकीपासून झाली. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये ज्याला नाव दिले, तो मालकीचा परिणाम पुढे १९९० मध्ये त्यांनी डॅनियल कानेमान आणि जॅक नेच यांच्यासह कॉर्नेल विद्यापीठात कॉफीच्या मगांवर तपासला. वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांना मग देऊन टाकले आणि नंतर खरेदी-विक्रीला मुभा दिली. मग मिळालेले विद्यार्थी तो विकायला साधारण सव्वापाच डॉलर मागत होते, न मिळालेले विद्यार्थी अडीच डॉलरच्या आसपास द्यायला तयार होते. थोड्या वेळापूर्वी हाती आलेल्या मगाची किंमत केवळ ‘माझा’ झाल्याने दुप्पट झाली. कानेमान यांना २००२ मध्ये आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यामागे मानवी निर्णयांविषयीच्या अशा निरीक्षणांची मोठी परंपरा होती.

हा परिणाम सार्वत्रिक आहे असे काही काळ मानले गेले. टांझानियातील हाड्झा या शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या समाजात कोरेन अपिसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्या समजाला धक्का दिला. पर्यटकांच्या आणि बाजाराच्या संपर्कातील हाड्झांमध्ये तो दिसला, आणि दूर राहणाऱ्या हाड्झांमध्ये, जिथे जवळजवळ सगळेच वाटून घेतले जाते, तिथे दिसला नाही. म्हणजे ‘हे माझे आहे’ ही भावना काही प्रमाणात आपण राहतो त्या समाजाकडून शिकतो. माझ्या मते मगाचा प्रयोग टाकाच्या प्रश्नाला तसाही पुरा पडत नाही. टाक कुणा एकाचा नसतो. तो घराचा असतो, आणि वाटणीच्या वेळी भांडण होते ते त्याच्या किमतीवरून नव्हे, तर देव कोणाच्या घरी बसणार यावरून.

इतिहासाकडे नेणारा प्रयोग मुलांवर झाला. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिले होते की, अनेक लहान मुले एखादे पांघरूण, चिंधी किंवा मऊ खेळणे निवडतात आणि आई जवळ नसताना त्याच्या आधाराने स्वतःला शांत करतात. विनिकॉट यांच्या मते ही वस्तू मुलाच्या मनात आणि बाहेरच्या जगात अशी दोन्हीकडे असते, आणि मोठ्यांनी शहाणपणाने तिच्या खरेपणाविषयी त्याच्याशी वाद घालू नये. २००८ मध्ये ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक ‘नक्कल करणारे यंत्र’ दाखवले. ते प्रत्यक्षात दिवे लुकलुकणाऱ्या दोन पेट्यांचे होते आणि हातचलाखीने काम करत होते. एका पेटीत वस्तू ठेवली की दुसऱ्या पेटीत तिची हुबेहूब प्रत निघाली असे मुलांना वाटे. साधे खेळणे असेल, तर मुले आनंदाने नवी प्रत घेत. पण ज्याला कवटाळून ती रोज झोपत, त्या वस्तूच्या बाबतीत बहुतेकांनी मूळ वस्तूच परत मागितली. काही मुलांनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही.

याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात सहा वर्षांच्या मुलांना चमचा आणि पेला दाखवला. वस्तू चांदीची असल्यामुळे खास आहे असे सांगितले, तेव्हा मुलांनी मूळ वस्तू आणि तिची नक्कल सारख्याच मोलाची मानली. तीच वस्तू राणी एलिझाबेथची आहे असे सांगितल्यावर मात्र त्यांच्या लेखी नकलेचा भाव पडला. धातूची नक्कल होऊ शकते, राणीच्या हाताची होऊ शकत नाही, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. खानापूर किंवा चंदगडकडे बाळासाठी आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे शिवतात आणि नव्या बाळाला पहिल्यांदा त्यातच गुंडाळतात, तेव्हा ही समजूत मूल शिकायच्या आधीपासून त्याच्या अंगावर घातली जाते. त्यात व्यवहारही आहे, हे विसरू नये: वारंवार धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून जाते, धाग्यांचा कडकपणा मोडतो, आणि असे कापड बाळाच्या त्वचेला नव्या कापडापेक्षा निश्चित सुखकर असते. सोय आणि आशीर्वाद इतके एकमेकांत विणलेले असतात की ते वेगळे काढण्याची गरज कुणाला पडत नाही.

हाताचा गुण वस्तूत उतरतो, या समजुतीला मानववंशशास्त्रात जुने नाव आहे. जेम्स फ्रेझर यांनी १८९० मध्ये जगभरच्या जादूटोण्याच्या समजुतींचे वर्गीकरण करताना दोन तत्त्वे मांडली. एक साम्याचे: जे सारखे दिसते ते सारखा परिणाम करते. दुसरे संसर्गाचे: ज्या गोष्टी एकदा एकमेकींना लागल्या, त्यांचा संबंध दूर गेल्यावरही तुटत नाही. फ्रेझर यांना हा ‘रानटी’ मनाचा दोष वाटत होता. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की, शिकल्यासवरलेले अमेरिकनही त्याच नियमांनी वागतात. पूर्ण निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढले, तर रोगाचा धोका नाही हे कळत असूनही लोक तो रस प्यायला कचरत. साखरेच्या बाटलीवर स्वतःच्याच हाताने विषाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, तरी त्यातील साखर घ्यायला मन घेत नसे. बुद्धीला माहीत असते, पण मनाला पटत नाही. आणि या दोहोंत मन बरेचदा जिंकते.

संसर्ग चांगलाही असतो. जॉर्ज न्यूमन, गिल डिझेंड्रुक आणि पॉल ब्लूम यांनी २०११ मध्ये लोकांना विचारले की, आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीने वापरलेला स्वेटर घ्यायला त्यांना कितपत आवडेल. तो स्वेटर नीट निर्जंतुक करून दिला जाईल असे सांगताच ओढ कमी झाली, जणू धुण्याने मळाबरोबर आणखी काही निघून गेले होते. नावडत्या व्यक्तीच्या स्वेटरबाबत उलटे घडले. धुण्याने तो थोडा स्वीकारार्ह झाला. लिलावांचे भावही हेच सांगतात. महात्मा गांधींचा सोन्याचा मुलामा दिलेला म्हणून ओळखला जाणारा एक चष्मा ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे २,६०,००० पौंडांना गेला. अपेक्षा साधारण १५,००० पौंडांची होती. गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते डिसेंबर १९२४ च्या बेळगावच्या अधिवेशनात. त्या अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणूनच दाखवली जाते. तिचे पाणी आसपासच्या विहिरींसारखेच असणार. वेगळा आहे तो तिचा जन्मदाखला.

या प्रकारचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र आमच्या भागातून दरवर्षी पायी चालत जाते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातील मानाचे दोन अश्व चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आळंदीला नेले जातात. त्यांतील एकावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, कारण तो माउलींचा. पालखीत असतात त्या पादुका, म्हणजे पायांची खूण. आणि रिंगणात अश्व धावून गेल्यावर वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. संताचे पाय, पादुका, अश्व, टाप, माती, कपाळ अशी ही साखळी आहे, आणि तिच्या प्रत्येक दुव्यावर स्पर्श आहे. फ्रेझर यांच्या तत्त्वाचे इतके नेमके दर्शन प्रयोगशाळेत घडवता आले नसते.

तरीही या तत्त्वाची दुसरी बाजू इथेच सांगायला हवी, कारण ती आपल्या इतिहासात फार क्रूरपणे उमटली आहे. रोझिन यांच्या अभ्यासात वाईट संसर्ग चांगल्यापेक्षा अधिक प्रबळ ठरतो: झुरळामुळे रस बिघडतो, पण रसामुळे झुरळ चांगले होत नाही. माणसाच्या स्पर्शालाच विटाळ ठरवणाऱ्या व्यवस्थेने हीच मनोवृत्ती धर्माच्या नावाने पक्की केली. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर तिथल्या सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. पाण्यात काहीही बदललेले नव्हते, ना आधी ना नंतर. चहाच्या टपरीवर वेगळी ठेवलेली कपबशी आणि आजीच्या पेटीत जपून ठेवलेली कपबशी या दोहोंच्या मुळाशी मनाची एकच सवय आहे. म्हणून ही सवय माणसात उपजतच आहे असे म्हणताना ती निरुपद्रवी आहे असे समजण्याचे कारण नाही.

आतापर्यंतचे बहुतेक प्रयोग पाश्चात्त्य विद्यापीठांतील आहेत, आणि त्यांतील वस्तू बहुधा एका माणसाची असते: एका नटाचा स्वेटर, एका राणीचा चमचा. आपल्याकडेही असेच आहे का, हे तपासणारा एक अभ्यास नताली ग्यर्सो, जॉर्ज न्यूमन, व्लादिमीर चिटुक आणि ब्रूस हूड यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतील आणि भारतातील लोकांना अस्सल वस्तूंची किंमत करायला सांगितली होती. डायनासोरचे हाड किंवा चंद्रावरचा दगड अशा, कुणा व्यक्तीशी न जोडलेल्या अस्सल वस्तूंना दोन्ही देशांतील लोकांनी सारखेच मोल दिले. स्वेटर किंवा चित्र यांसारख्या एका विशिष्ट व्यक्तीशी जोडलेल्या वस्तूंना मात्र अमेरिकनांनी भारतीयांपेक्षा अधिक मोल दिले. ज्या समाजात व्यक्ती स्वतंत्र आणि अद्वितीय मानली जाते, तिथे त्या व्यक्तीच्या वस्तूलाही अधिक भाव येतो, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

एका अभ्यासावर सगळा डोलारा उभा करू नये. पण त्याने सुचवलेली दिशा आमच्या घरांना लागू पडते असे मला वाटते, आणि त्यासाठी वाकळीकडे पाहावे. निपाणी-चिकोडीकडे थंडीत अंगावर घेतली जाणारी वाकळ ही बहुधा घरातल्या सगळ्या बायकांच्या जुन्या लुगड्यांची असते. आतले थर विटलेल्या पातळांचे, वरचा थर त्यातल्या त्यात धड राहिलेल्या कापडाचा. पुढ्यात अंथरून कडेने धावदोरा घालायला घेतात आणि टाका फिरत फिरत मध्याकडे येतो. निरखून पाहिले तर एखाद्या कोपऱ्यात इरकलीचा लाल पदर, मध्येच परकराचा छापील तुकडा, एखाद्या ठिकाणी धोतराचे पांढरे ठिगळ. आणि टाक्यांचीही ओळख पटते, कारण एकीचा टाका गव्हाएवढा तर दुसरीचा चांगला बोटाच्या पेराएवढा. दोरा संपला तिथे हात बदलला आहे. अशी वाकळ कुणा एकीची नसते. तिच्यात सासू आहे, तिची जाऊ आहे, माहेरी आलेली नणंद आहे, आणि कुठला तुकडा कुणाचा यावरून संध्याकाळी रंगणारी भांडणेही आहेत.

खानापूर तालुक्यातील आणि शेजारच्या हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशीच कवंदी शिवतात. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आणले गेले होते. त्यांच्या कवंदीच्या चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या छोट्या तुकड्यांची ‘फुला’ बसवतात, आणि ती नसतील तर कवंदी उघडी-नागडी राहिली असे मानतात. थंडी निवारण्यासाठी कोपऱ्यातल्या फुलांची काही गरज नसते. कापड कामाच्या वस्तूतून कुणाच्या तरी वस्तूत बदलते, ते नेमके या गरजेबाहेरच्या कामाने.

शिकागो परिसरातील ८२ कुटुंबांतील ३१५ जणांना मिहाय चिक्सेंटमिहाय आणि यूजीन रॉकबर्ग-हाल्टन यांनी घरातल्या खास वस्तूंविषयी विचारले होते. तो अभ्यास १९८१ चा. वस्तू महाग किंवा सुंदर आहे म्हणून जपली, असे सांगणारे लोक तिथेही कमीच निघाले. माणसे, नाती आणि आठवणी यांच्याविषयीच ते बोलत राहिले. तरुणांच्या यादीत संगीत ऐकायची यंत्रे वर होती आणि आजी-आजोबांच्या यादीत फोटो. वय वाढते तशी वस्तू ‘मी काय करतो’ याऐवजी ‘मी कुणाचा’ हे सांगू लागते. सीमाभागातल्या माणसाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नसावी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ज्याच्या शेताचा उतारा एका भाषेत, शाळेचा दाखला दुसऱ्या भाषेत आणि आजीच्या ओव्या तिसऱ्याच वळणाच्या आहेत, त्याच्या घरात ‘मी कुणाचा’ हे सांगण्याचे बरेचसे काम वस्तूंनाच करावे लागले आहे.

वस्तू आठवण कशी जागवते, याचे एक उत्तर नाकात आहे. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचे संदेश मात्र त्या वळणाने न जाता, भावनांशी निगडित अमिग्डाला आणि स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस यांच्या अगदी निकट पोचतात. पेटी उघडल्यावर डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला आणि जुने सूत यांचा एकत्र वास आला की, आठवण येण्याआधीच घसा दाटतो, तो यामुळे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१८ मध्ये ९६ स्त्रियांना ताण येईल अशा परिस्थितीत बसवून टी-शर्ट हुंगायला दिले. ज्यांना जोडीदाराने वापरलेला टी-शर्ट मिळाला त्यांना ताण कमी जाणवला, आणि अनोळखी पुरुषाचा वास मिळालेल्या स्त्रियांत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक अधिक आढळले. वारलेल्या माणसाचा सदरा काही घरांत महिनोन्महिने धुतला जात नाही. शेजारीपाजारी कुजबुजतात, शरीरशास्त्राला त्यात विचित्र असे काही दिसणार नाही.

हाताने धरायच्या वस्तूंचे आणखी एक अंग आहे. बेळगावात वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कॅम्पातल्या ख्रिस्ती घरात रोझरी असते, दर्ग्याजवळच्या घरात तसबीह असते. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटाने २३ निरोगी प्रौढांना लॅटिन भाषेतील रोझरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र म्हणायला लावले. हा अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली. आपल्या रक्तदाबात साधारण दहा सेकंदांचा एक नैसर्गिक हेलकावा असतो. श्वासही त्याच तालावर आला की, हृदयाची गती आणि रक्तदाब यांचा मेळ राखणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक चपळ होते. इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे: तपासला गेला तो जप, मणी नव्हेत. पण मणी मोजणीचा भार बोटांवर सोपवतात आणि मनाला शब्दांवर राहू देतात, एवढे कोणीही माळ ओढून पाहू शकते. वर्षानुवर्षे बोटांच्या तेलाने गुळगुळीत झालेली तुळस मण्यागणिक सरकते ती वेगळीच.

इतके सांगितल्यावर वस्तू काय करू शकत नाही, तेही स्पष्ट करावे. २०१० मध्ये जर्मनीतील कोलोन येथील एका प्रयोगात ‘हा नशीबवान चेंडू आहे’ असे सांगून गोल्फचा चेंडू दिल्यावर लोकांचा नेम सुधारल्याचे दिसले होते, आणि ती बातमी जगभर गाजली. २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अधिक लोक घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा असा काही परिणाम हाती लागला नाही. दहावीच्या परीक्षेला देवापुढे ठेवलेले पेन न्यायला हरकत नाही. हात थरथरायचा थांबला तर बरेच आहे. पण गणित त्याने सुटत नाही. तसेच, धरून ठेवणे जेव्हा सोडताच न येण्यापर्यंत जाते, खोल्या वस्तूंनी भरतात आणि टाकून देण्याच्या कल्पनेनेच जीव कासावीस होतो, तेव्हा तो साठवणुकीचा आजार असू शकतो. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या निदान पुस्तिकेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजाराचा दर्जा दिला, आणि त्यावर उपचार होतात. एकटेपणाही वस्तूंकडे ढकलतो. निकोलस एप्ली यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की, एकाकी माणसे यंत्रांना अधिक सहजपणे मन असल्यासारखे मानतात आणि अलौकिक शक्तींवरचा त्यांचा विश्वासही वाढलेला दिसतो. मुले परगावी गेलेल्या घरात म्हातारी फ्रिजशी बोलते, तेव्हा त्या घरात फ्रिजपेक्षा माणसांची चौकशी करावी.

इतिहास हेच सर्वस्व असेल, तर आपल्या एका रूढीचा उलगडा होत नाही. मातीचा गणपती कुंभाराकडून आणला, तेव्हा तो मूर्ती असतो. प्राणप्रतिष्ठेनंतर देव होतो. उत्तरपूजेनंतर पाण्यात सोडण्याइतका मोकळा होतो. त्याला मागचा इतिहास नाही आणि पुढचाही नाही, तरी दहा दिवस घरातले कुणी त्याच्याकडे पाठ करून बसत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या टाकांचेही असेच आहे. ओळखू न येण्याइतके झिजले की ते रीतसर विधी करून बदलले जातात, आणि नव्या पत्र्यावरचा नवा चेहरा तोच जुना पूर्वज होतो. सराफाच्या दुकानात नाकारलेली अदलाबदल विधीने मान्य होते.

याच्या अगदी उलट टोकाला लिंगायत घरांतील इष्टलिंग आहे. बाराव्या शतकातील बसवण्णांच्या परंपरेत ते गुरूकडून एका व्यक्तीला मिळते, तळहातावर घेऊन पूजले जाते, अंगावेगळे केले जात नाही, आणि मृत्यूनंतर त्या देहाबरोबरच भूमीत जाते. बाहेरून सगळी इष्टलिंगे जवळपास सारखी दिसतात, तरी एकाचे दुसऱ्याला चालत नाही. एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत वस्तूकडे पाहण्याच्या या तीन रीती नांदतात: वारसाने चालणारी, व्यक्तीला बांधलेली आणि मुदतीपुरती. हूड आणि ब्लूम यांचे नक्कल करणारे यंत्र या गल्लीत आणले, तर लिंगायत आजोबा त्याला ठाम नकार देतील, टाकवाले घर आधी गुरवाला विचारून घेईल, आणि गणपतीवाल्यांना बहुधा त्यात काहीच अडचण दिसणार नाही, फक्त यंत्र प्रतिष्ठापनेच्या आधी आणा म्हणतील. प्रयोगशाळेतील मुलांच्या उत्तरांत ही विविधता नव्हती, कारण तिथल्या वस्तूंना विधी नव्हते. समाजाने एकमताने ठरवलेला विधी वस्तूचा इतिहास पुसू शकतो, नवा सुरू करू शकतो, किंवा एका पत्र्यावरून दुसऱ्यावर हलवू शकतो, असे मानले तर या तिन्ही रीती एकाच नियमात बसतात.

इतिहास वस्तूच्या आत नसून सांगणाऱ्याच्या तोंडी असतो, ही यातली व्यवहाराची अडचण आहे. राणीचा चमचा राणीचा आहे हे मुलांना सांगावेच लागले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांच्या पुराने जिल्ह्यातील गावेच्या गावे पाण्यात गेली, तेव्हा वस्तू वाहून गेल्याच. पण ज्या वाचल्या त्यांची गोष्ट सांगणारी पिढीही आता विरळ होत आहे. ही गोष्ट फोनमध्ये साठवून काम भागेल का? ओझगुन अतासोय आणि केअरी मोरवेज यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टनमधील पर्यटकांचा एका ऐतिहासिक वेशातील नटाबरोबर फोटो काढून काहींना छापील आणि काहींना डिजिटल प्रत दिली आणि हवे तेवढे पैसे द्या म्हटले. चित्र तेच होते, तरी छापील प्रतीसाठी लोकांनी अधिक पैसे दिले; हाताने धरता न येणारी वस्तू तितकीशी ‘माझी’ वाटत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. त्यामुळे बंगळूरला किंवा पुण्याला निघालेल्या नातीला वाकळीचा फोटो पाठवून तिची थंडी आणि आठवण दोन्ही भागणार नाहीत. फोनचा उपयोग वेगळा आहे: वाकळ अंगणात उन्हाला घातली असताना आजीला तिच्याजवळ बसवावे, रेकॉर्डिंग चालू करावे, आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून तो कुणाच्या लुगड्याचा, कुठल्या जत्रेला घेतलेला आणि इथला टाका कुणाचा, हे तिच्याच तोंडून, तिच्याच बोलीत भरून घ्यावे.